शंभर किलोमीटर खाली जाऊन परत आलेला दगड कसा वाचायचा

लडाखमधल्या पुगा खोऱ्यात उन्हाळ्यात येणारे बहुतेक लोक गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी थांबतात, वाफेचे फोटो काढतात आणि त्सो मोरिरी तळं गाठायच्या घाईने पुढे निघतात. आजूबाजूच्या पांढुरक्या, पट्ट्यापट्ट्यांच्या कातळाकडे कोणी फारसं बघत नाही. आज तो समुद्रसपाटीपासून सुमारे ४,४०० मीटरवर ऊन खात पडला आहे. पण सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी तो जमिनीखाली १०० किलोमीटरच्या आसपास होता, आणि त्याआधी पुन्हा वरच, भारताच्या उत्तर किनाऱ्याच्या कवचाचा भाग म्हणून.

हे आपल्याला कळतं कसं? पुढच्या पायऱ्या भूशास्त्राच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी आहेत, आणि लडाखला जाताना खिशात भिंग टाकणाऱ्या हौशी मंडळींसाठीही. जाणं जमलं नाही तर तीन पायऱ्या घरच्या टेबलावरही होतात. दगड वाचताना एकच शिस्त पाळायची: बाहेरून आत. सगळ्यात बाहेरची खूण सगळ्यात अलीकडची असते आणि खोलीचा पुरावा सगळ्यात आत दडलेला असतो. बाहेरच्या खुणा वाचूनच निकाल देऊन मोकळे झालात, तर प्रवासाचा शेवटचा टप्पा तेवढा हाती लागेल.

आधी घरचा प्रयोग

उंच काचेचा ग्लास घ्या, त्यात साखरेचा घट्ट पाक ओता. काकवी जास्त योग्य ठरली असती, पण ती काळी, आतलं काहीच दिसत नाही. बाटलीचं बूच पाकावर ठेवा. ते तरंगतं. आता बुचाला दोऱ्याच्या सरकगाठीने लोखंडी नट बांधा. नट बुचाला ओढत तळाशी नेतो. गाठीचं मोकळं टोक ओढून नट सोडवा. बूच सावकाश वर येतं.

नट म्हणजे भारत आणि आशिया यांच्यामधल्या, आता नाहीशा झालेल्या टेथिस महासागराचा तळ. महासागराचं शिलावरण, म्हणजे वरचा कडक खडकाचा थर, थंड झालं की जड होतं आणि प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या खडकात, उतरू लागतं. बूच म्हणजे त्याच भूपट्टाला जोडलेली भारतीय भूखंडाची कड. ती हलकी, स्वतःहून कधी बुडली नसती. पण पुढचा महासागर बुडत होता आणि दोघं एकाच तबकाचे तुकडे होते, त्यामुळे ती मागोमाग ओढली गेली. पुस्तकांतल्या आकृत्यांमध्ये भारत आशियावर धडकतो आणि जमिनीला सुरकुत्या पडतात, एवढंच दिसतं. सुरकुत्या खऱ्याच, पण धडकेच्या सुरुवातीला भारताची कड आशियाखाली खोल ओढली गेली हा भाग त्या आकृत्यांत बहुधा गळतो.

प्रयोगाला दोन मर्यादा आहेत. प्रावरण पाकासारखं पातळ नाही. तो घन खडक आहे, लाखो वर्षांच्या हिशेबात वाहणारा. आणि खऱ्या कवचाची चकती सरळ उभी वर येत नाही. ज्या तिरक्या वाटेने ती खाली गेली, साधारण त्याच वाटेने, वरच्या आणि खालच्या भूपट्टाच्या चिमटीतून ती परत सरकते.

पायरी १: रस्त्यावरच तीन जगं ओळखा

लेहहून उपशी, चुमाथांग करत महे गावाच्या पुलापर्यंतचा रस्ता सिंधूच्या काठाने जातो. नदीच्या उत्तरेला फिकट ग्रॅनाइटचे डोंगर दिसतात. टेथिसचा तळ आशियाच्या बाजूखाली जात असताना वितळलेल्या शिलारसातून ते घडले. ही आशियाची बाजू.

महेला पूल ओलांडून दक्षिणेला सुमदोकडे वळलात की रंग बदलतो. काळपट हिरवा, साबणासारखा गुळगुळीत सर्पेंटाइन, चुरगळलेले पाषाण, कशाचा कशाला मेळ नाही. हा महासागराच्या तळाचा उरलेला चुरा, भारत आणि आशिया जिथे जुळले त्या सिंधू सांध्याचा भाग.

सुमदोला रस्ता फुटतो. एक फाटा क्यागर त्सो करत त्सो मोरिरीला, दुसरा पुगामार्गे ‘पोलोकाँग ला’ ही खिंड आणि त्सो कार तळ्याकडे जातो. पुगाच्या फाट्यावर चुरा मागे पडतो आणि अभ्रकाने चमकणारा पट्टिताश्म (नाइस) सुरू होतो. तिसरं जग हे, भारताची कड. हा पट्टिताश्म मुळात ग्रॅनाइट होता, वय सुमारे ४८ कोटी वर्षं. पोलोकाँग ला खिंडीजवळ हाच ग्रॅनाइट कमी चेपलेला, जवळपास मूळ रूपात दिसतो. तिथे फेल्डस्पारचे मोठे स्फटिक बघून ठेवा आणि पुगात परत येऊन तेच स्फटिक डोळ्यांच्या आकारात ताणलेले शोधा. एकाच दगडाची दोन रूपं एका दिवसात बघायला मिळतात.

दुसऱ्या आणि तिसऱ्या जगामधली रेघ नकाशावर ठळक करा. तिला झिलदात प्रस्तरभंग म्हणतात. प्रस्तरभंग म्हणजे जिच्यावरून खडक सरकले ती भेग. रेघेच्या वर फारसा दाब न सोसलेले खडक आणि खाली प्रचंड दाब सोसलेले, अशी मांडणी आहे. मधल्या कित्येक किलोमीटर जाडीचे खडक गेले कुठे, हा प्रश्न वहीत लिहून ठेवा. सहाव्या पायरीत तो लागेल.

लेहला किमान दोन दिवस विश्रांती घेतल्याशिवाय इकडे येऊ नका. डोकं दुखत असताना कोणाला धड खडक दिसत नाही. आणि त्सो मोरिरी हे संरक्षित पाणथळ क्षेत्र आहे, २००२ पासून रामसर यादीतलं. हातोडा बॅगेतच राहू द्या. नमुने हवे असतील तर ते संस्थेमार्फत, परवानगी काढूनच गोळा करायचे.

पायरी २: काळ्या गाठी शोधा

पट्टिताश्म बघून खोलीचा अंदाज येत नाही. तो वर येताना बदलला, त्याने जुन्या खुणा पुसून टाकल्या. खुणा जपल्या त्या त्याच्यात अडकलेल्या गडद गाठींनी. वीतभरापासून काही मीटरपर्यंतच्या या गाठी पट्ट्यांच्या दिशेने लांबट झालेल्या असतात, सुतात ओवलेल्या मण्यांसारख्या. मुळात त्या ग्रॅनाइटमध्ये घुसलेल्या बेसाल्टी भित्ती, म्हणजे भेगांत शिरून गोठलेला शिलारस. काश्मीरच्या पंजाल ज्वालामुखीच्या काळातल्या, म्हणजे २९ कोटी वर्षांच्या आसपासच्या, असं बरेच अभ्यासक मानतात.

गाठीची कड जवळजवळ नेहमीच काळी असते. ते अँफिबोल, एक गडद खनिज. नवखा माणूस इथेच फसतो आणि ‘साधा अँफिबोलाइट’ लिहून पुढे जातो. मोठ्या गाठीच्या मध्यापर्यंत नजर न्या. तिथे पोपटी हिरव्या पार्श्वभूमीवर डाळिंबाच्या दाण्यांसारखे लाल ठिपके दिसले, तर तो एक्लोजाइट. लाल ते गार्नेट, आपल्या सराफांची तामडी. हिरवा तो ओम्फसाइट नावाचा पायरोक्सिन. एक्लोजाइटमध्ये प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार नसतो. एवढ्या दाबाखाली तो टिकत नाही, त्याची मूलद्रव्यं गार्नेट आणि ओम्फसाइटमध्ये वाटली जातात.

शंका असेल तर वजन करा. सुटा पडलेला दगड दोऱ्याने ताणकाट्याला टांगून आधी हवेत, मग बादलीतल्या पाण्यात बुडवून मोजा. समजा हवेत ७०० ग्रॅम भरला आणि पाण्यात ५००. फरक २००. ७०० भागिले २०० म्हणजे ३.५, ही त्याची घनता, पाण्याच्या तुलनेत. ताजा एक्लोजाइट याच्या आसपास येतो. सह्याद्रीतला ताजा काळा पाषाण याच पद्धतीने मोजलात तर २.९ च्या आसपास येईल. दोघांचं रासायनिक घराणं एकच, बेसाल्टचं. फरक फक्त दाबाने पाडला. मोजून झालं की दगड जिथून उचलला तिथेच ठेवा.

पायरी ३: सूक्ष्मदर्शकाखाली, बाहेरून आत

आता प्रयोगशाळा. नमुन्याचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप काचेवर चिकटवतात. इतका पातळ की दगडातून उजेड आरपार जातो.

सगळ्यात बाहेर अँफिबोल आणि प्लॅजिओक्लेज दिसतील. हा वर आल्यानंतरचा, कवचाच्या मधल्या थरातला मुक्काम. त्याच्या आत, ओम्फसाइटच्या कडेला बोटाच्या ठशासारखी बारीक गुंतलेली नक्षी दिसेल. दाब झपाट्याने कमी झाला आणि खनिजाला नीट, मोठे स्फटिक घडवायला सवड मिळाली नाही, की अशी नक्षी उमटते. घाईत लिहिलेलं अक्षर. परतीचा प्रवास वेगात झाला याचा पहिला इशारा इथेच मिळतो.

त्याहून आत गार्नेट. गार्नेट वाढताना शेजारचे कण पोटात घेत जातं, म्हणून त्याच्या गाभ्यात उतरतीच्या प्रवासाचे कण असतात आणि गाभ्याबाहेरच्या भागात सर्वाधिक खोलीचे. तिथे गारगोटीचा एखादा कण शोधा, ज्याच्याभोवती गार्नेटला किरणांसारख्या भेगा गेल्या आहेत. सूर्याचं लहान मुलाने काढलेलं चित्र असतं तसं. भेगा दिसल्या की थांबा. हाच तो साक्षीदार.

खोलवर हा कण गारगोटी नव्हता, कोएसाइट होता. दोन्ही सिलिकाच, पण कोएसाइटची घनता २.९२ आणि गारगोटीची २.६५. दाब उतरल्यावर कोएसाइटची गारगोटी होते आणि आकारमान सुमारे १० टक्के वाढतं. गार्नेटच्या पोटात वाढायला जागा कुठली? मग भेगा पडतात. गंमत अशी की भेगा पडेपर्यंत घट्ट गार्नेट आतला दाब धरून ठेवतं, म्हणूनच कधीकधी मधोमध कोएसाइटचा कण अर्धवट वाचतो. गार्नेटबाहेर, उघड्यावर असलेला सगळा कोएसाइट केव्हाच गारगोटी होऊन गेला.

कण खरंच कोएसाइट आहे का, हे रामन वर्णपटाने, म्हणजे कणावर लेसर पाडून परतणाऱ्या उजेडातल्या रेषांवरून, ठरवतात. गारगोटीची मुख्य रेषा ४६४ च्या आसपास येते, कोएसाइटची ५२१ ला. दोन्ही आकडे प्रति सेंटिमीटर या एककात. पुष्कळदा दोन्ही रेषा एकत्र दिसतात. अर्धवट बदललेला कण असाच दिसायचा.

लोरिंग कोएस यांनी १९५३ मध्ये हे खनिज प्रयोगशाळेत बनवलं. नंतर ते उल्कापाताच्या विवरात सापडलं, आणि ते तिथेच सापडणार असा समज झाला. उल्केचा आघात सोडला तर कवचाच्या खडकांवर इतका दाब येणार कुठून? १९८४ मध्ये ख्रिश्चन शोपँ यांनी इटलीच्या आल्प्समधल्या दोरा मायरा इथे आणि डेव्हिड स्मिथ यांनी नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर ते रूपांतरित खडकांत दाखवलं, तेव्हा तो समज मोडला. दोरा मायराचा खडक तर मुळात भूखंडाच्या कवचाचाच होता. १९९० मध्ये कझाकस्तानातल्या कोकचेताव इथून कवचाच्याच खडकांतल्या सूक्ष्म हिऱ्यांची बातमी आली, म्हणजे खोली आणखी जास्त. त्सो मोरारीच्या एक्लोजाइटमधला कोएसाइट देहरादूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेच्या बरुण मुखर्जी आणि हिमांशू सचान यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केला. भूशास्त्राच्या लिखाणात या भागाचं नाव ‘त्सो मोरारी’ असंच रूढ आहे, तळ्याचं ‘त्सो मोरिरी’. शोधताना दोन्ही लिहून बघा.

पायरी ४: दाबाचे किलोमीटर करा

कागद-पेन्सिल घ्या. सुमारे ७०० अंश तापमानाला कोएसाइट टिकायला साधारण २.८ गिगापास्कल दाब लागतो, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळपास २८ हजार पट.

डोक्यावर सगळं कवचच आहे असं धरा, घनता २.८. दर किलोमीटरला दाब सुमारे ०.०२७४ गिगापास्कलने वाढतो. २.८ भागिले ०.०२७४ म्हणजे १०२ किलोमीटर. आता दुसरा हिशेब. वरचे ३५ किलोमीटर कवच, खाली ३.३ घनतेचं प्रावरण. कवचाचा वाटा ०.९६ गिगापास्कल. उरलेल्या १.८४ साठी प्रावरणाचे ५७ किलोमीटर लागतात. एकूण ९२.

दोन्ही आकडे लिहा. वर कुठला खडक होता ते माहीत नसताना एकच आकडा ठोकून देणं म्हणजे शर्ट न बघता कपड्याचं माप सांगणं. काही अभ्यासक तर असंही म्हणतात की धडकेच्या चिमटीत दाब नुसत्या वरच्या वजनापेक्षा जास्त असू शकतो, म्हणजे खरी खोली याहून कमी. माझं मत विचाराल तर त्सो मोरारीसारख्या मोठ्या, मऊ झालेल्या खडकाने एवढा जादा दाब पेलून धरला असेल हे पटत नाही. पण वाद आहे, तेव्हा वहीत नोंद हवी.

आता तापमान बघा. भूखंडावर साधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंश वाढतात. इथे ७०० अंश १०० किलोमीटरवर, म्हणजे दर किलोमीटरला फक्त ७. हा खडक खोल होता, पण त्या मानाने थंड. फ्रीजमधून काढलेलं दूध उकळत्या पातेल्यात ठेवलं तर पहिले काही क्षण ते गार असतं, तसं. तो गार असतानाच परत निघाला. तिथे आरामात बसला असता तर तापला असता आणि कोएसाइटसकट सगळं पुसलं गेलं असतं.

पायरी ५: तरंगेल की बुडेल

आता पुन्हा वजनाचा हिशेब. त्या खोलीवर ग्रॅनाइटी पट्टिताश्म दाबला जाऊन त्याची घनता ३.० च्या आसपास पोचते असं धरा. प्रावरण ३.३. म्हणजे दर घनमीटरला ३०० किलोची तूट, म्हणून वर ढकलणारं बळ. एक्लोजाइटची गाठ मात्र ३.५, प्रावरणापेक्षा २०० किलो जड. ती एकटी असती तर बुडाली असती.

मग मिश्रण किती जड चालेल? एक्लोजाइटचा वाटा ६० टक्के झाला की सरासरी बरोबर ३.३ येते. त्याहून कमी असेल तर सगळा गठ्ठा वर येतो. त्सो मोरारीत गाठी विखुरलेल्या आणि थोड्या, ६० टक्क्यांच्या जवळपासही नाहीत. ओंडक्यात रुतलेल्या खिळ्यांसारख्या त्या ओंडक्याबरोबर वर आल्या.

यावरून आपल्या पायाखालच्या दगडाबद्दलही एक अंदाज बांधता येतो. दख्खनचा नुसता काळा पाषाण, ग्रॅनाइटी आधाराशिवाय, असा खाली गेला तर एक्लोजाइट होऊन खालीच राहील. ग्रॅनाइटी भूखंड सहज बुडत नाही, महासागराचा तळ मात्र पुन्हा पुन्हा बुडतो, त्याचं कारण हेच.

पायरी ६: वर यायचा रस्ता

हलकेपणा पुरेसा नाही, सुटकाही हवी. जोवर बुचाला नट बांधलेला आहे, तोवर बूच खालीच. सुटका दोन प्रकारे होते असं मानतात. महासागराचा जड तुकडा ताण सहन न होऊन तुटतो, किंवा कवचाची वरची चकती आपल्याच पायथ्यापासून सोलून निघते. दोन्ही एकामागोमाग झालं असण्याचीही शक्यता आहे. असं तुटणं आजही चालू असलेली जागा म्हणजे हिंदुकुश. तिथे भूखंडाखाली जवळपास उभा लटकलेला खडकाचा पट्टा ताणला जातो आहे. २६ ऑक्टोबर २०१५ चा ७.५ प्रतीचा भूकंप तिथे सुमारे २१० किलोमीटर खोल झाला होता, आणि त्याचे हादरे दिल्लीपर्यंत जाणवले.

सुटलेली चकती वर सरकताना तिच्या खालच्या कडेला ती स्वतः वर ढकलली जाते आणि वरच्या कडेला तिच्यावरचे खडक मागे घसरल्यासारखे राहतात. दोन पुस्तकांच्या मधून तिसरं पुस्तक बाहेर सरकवून बघा. झिलदातच्या रेघेवर मधले खडक हरवले आहेत, त्याचं उत्तर हे. ते उडून गेले नाहीत, बाजूला राहिले.

कवचाच्या तळाशी, ३५-४० किलोमीटरवर, चकतीचा जोर संपतो. इथे भोवतालचं कवच तिच्याइतकंच हलकं, वर ढकलणार कोण? इथून पुढे वाट सावकाश. घसरते प्रस्तरभंग, नद्या, हिम आणि वारा हळूहळू वरचा भार काढत राहतात. पहिला टप्पा झपाट्याचा, दुसरा रेंगाळलेला, हा नमुना जगभरच्या अशा खडकांत पुन्हा पुन्हा दिसतो.

पायरी ७: आलेख काढा, आणि वेळ पेन्सिलने लिहा

आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर तापमान, उभ्या अक्षावर दाब घ्या. पहिला बिंदू डाव्या खालच्या कोपऱ्यात. दुसरा ७०० अंशांवर, २.८ किंवा थोडा वर. तिसरा सुमारे ६३० अंशांवर, १.१ गिगापास्कल, म्हणजे अँफिबोलची कड. मग खाली, थंडीकडे. बिंदू जोडलेत की घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जाणारा फास तयार होतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या बिंदूमधली रेघ जवळजवळ उभी आहे ना? दाब एवढा उतरला आणि तापमान मात्र फारसं हललं नाही. पातळ कापातली घाईची नक्षी आठवा.

वय कोणी सांगायचं? खनिजांमधल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या घड्याळांनी. झिरकॉन या खनिजातलं युरेनियम-शिसं आणि गार्नेटमधलं ल्युटेशियम-हाफ्नियम खोलीच्या मुक्कामाबद्दल सांगतात. अभ्रकातला आर्गॉन नंतरच्या थंड होण्याबद्दल, साधारण ४०० अंशांच्या खाली. पण खूप दाबाखाली अभ्रकात जादा आर्गॉन अडकतो आणि वय फुगवून सांगतो, तेव्हा त्याच्या एकट्याच्या साक्षीवर विसंबू नका.

त्सो मोरारीत अँफिबोलचा टप्पा सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा आणि त्यानंतरचा, आणखी कमी दाब-तापमानाचा हिरव्या अभ्रकी खडकांचा टप्पा सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीचा, अशी एक जुनी, बरीच वापरली गेलेली मांडणी आहे. सर्वाधिक खोलीचा क्षण काही जण ५.३ कोटी वर्षांपूर्वीचा म्हणतात, तर नंतरची मोजमापं ४.७ कोटींच्या आसपास येतात. ४.७ खरं धरलं तर ४.८ चा अँफिबोल टप्पा त्याच्या आधी पडतो, जे अशक्य. म्हणजे दोहोंपैकी एक आकडा तरी वेगळ्याच घटनेचा आहे. पाकिस्तानातल्या काघान खोऱ्यातल्या अशाच खडकांचं वय मात्र ४.६ कोटींच्या थोडं वर स्थिरावलं आहे.

वेगाचा अंदाज तरी काढता येतो. धडकेनंतर भारताची चाल वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटरवर आली. ४५ अंशांच्या उतारावर ती उभ्या दिशेला ३.५ सेंटिमीटर होते, म्हणजे १०० किलोमीटर उतरायला २९ लाख वर्षं. दोरा मायरात परतीचा सुरुवातीचा वेगही वर्षाला ३ सेंटिमीटरच्या वर भरला आहे, जवळपास उतरण्याइतकाच.

दाब आणि तापमानाचे बिंदू शाईने ठसठशीत करा. त्यांच्या शेजारची वर्षं पेन्सिलने, आणि पुसायला खोडरबर जवळ ठेवा.